मडीचं पाणी

डेंगूचा डास दिवसा चावतो. हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा बोलले आहे की आता ते तोंडातून आपोआप बाहेर पडतं. मराठीतून बोलते, कन्नडातून बोलते, काही गल्ल्यांत दखनी उर्दूतून बोलते. लोक मान हलवतात. मग दिवस कलला की दारं-खिडक्या लावून घेतात, कडुलिंबाचा पाला पेटवून घरभर धूर करतात, कॉइल लावतात, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचतात आणि डासांचा बंदोबस्त झाला असं समजून झोपतात. तोवर या डासाचं पोट भरलेलं असतं. सकाळी परसात भांडी घासणाऱ्या बाईच्या घोट्यावर, दुपारी ओसरीत पेपर वाचणाऱ्या माणसाच्या कोपरावर. चावते ती मादी, नर चावत नाही, हे सांगितलं की पुरुष हसतात. दर वेळी, प्रत्येक गावात हसतात.

मी बीदर जिल्ह्यात, औराद तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नर्स आहे. कागदावर माझ्या पदाचं नाव लांबलचक आहे. लोक सिस्टर म्हणतात, म्हाताऱ्या नर्सबाई म्हणतात, आणि माझ्या पाठीमागे पाणी सांडणारी म्हणतात, हे मला माहीत आहे. पावसाळा सुरू झाला की आशाताईंना घेऊन आठवड्यातून एकदा घरोघर पाण्याची भांडी तपासायची, हा माझ्या कामाचा भाग आहे. आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो. त्यामुळे प्रत्येक घरात ड्रम, टाक्या, रांजण, हंडे, फुटक्या बादल्यासुद्धा भरून ठेवलेल्या असतात. झाकण काढायचं, बॅटरीचा उजेड पाण्यावर टाकायचा आणि थांबायचं. अळ्या असल्या तर उजेडाला घाबरून वळवळत खाली जातात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात आणि नळ आठ दिवसांनी येतो. आमच्या नळाचं वेळापत्रक डासांना पाठ आहे.

अळ्या दिसल्या की मी भांडं आडवं करते. हातात बांगड्या असलेली बाई ओरडत येते. नळाच्या दिवशी पहाटेपासून रांगेत उभं राहून भरलेलं पाणी असतं ते, ओरडणारच. मला त्याचं काही वाटत नाही. भांडं घासून घ्या, कोरडं करा, मग भरा, एवढं सांगून मी पुढच्या घरी जाते.

एकदा खालच्या गल्लीत मी एका म्हातारीचा रांजण आडवा केला. ती उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती. उठली नाही, ओरडलीही नाही. नुसतं म्हणाली, "आमचं सांडायलीस, सांड माय. तुझ्या सासूचं सांडलीस का कदी?"

शेजारच्या दोघी-तिघी हसल्या. आशाताईनं हसू आवरायला तोंडावर पदर घेतला.

"माझ्या घरचं मी बघते," मी म्हणाले.

"बघत असशील. बघाया कुठं हात लावावा लागतो?"

त्यावर जास्तच हसल्या. गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं.

काय माहीत होतं ते सांगते. मला नोकरी लागली तेव्हा लग्नाला वर्ष झालं होतं. सासरे तेव्हाच गेलेले होते, घरात सासूचा शब्द चालायचा. आम्ही सगळे तिला अव्वा म्हणतो. अव्वानं मला परसात बोलावलं आणि अट घातली. "नोकरी कर. बाळंतपणं करून येशील, रक्ताला हात लावून येशील, कुठल्या कुठल्या घरचं पाणी पिऊन येशील. कर. पन मडीच्या पान्याला तुजा हात लागू द्यायचा न्हाई."

मडी म्हणजे कन्नडातलं सोवळं. आमच्या घरात हाच शब्द चालतो. लिंगपूजेचं, नैवेद्याच्या स्वयंपाकाचं पाणी वेगळं भरायचं, वेगळं ठेवायचं आणि मडीतल्या माणसाशिवाय कुणी त्याला शिवायचं नाही. अव्वानं आणखीही काही मागितलं असतं तरी मी दिलं असतं. मला नोकरी हवी होती. एका हंड्याच्या बदल्यात ती मिळत होती. मी लगेच हो म्हणाले आणि मनात म्हणाले, स्वस्तात सुटले.

आमच्या लिंगायत धर्मात विटाळ नाही, शिवाशिव नाही, असं जयंतीच्या दिवशी माझा नवरा माइकवर सांगतो. तो हायस्कुलात शिक्षक आहे, बोलतो चांगलं. मराठीत सुरुवात करून कन्नडात शेवट करतो, लोक टाळ्या वाजवतात. मग घरी येऊन जेवायला बसतो, आणि ते जेवण अव्वानं ओल्या लुगड्यानं, मडीच्या पाण्यात शिजवलेलं असतं. मी एकदा विचारलं, की हे कसं काय? तो म्हणाला, "आईची पिढी आहे. सोडून दे." मी सोडून दिलं. माझाही त्यात फायदा होता, हे मी लपवत नाही. अव्वा खूश तर माझ्या नोकरीला घरातून त्रास नाही, माझी पोरं ती सांभाळणार, मी रात्रपाळीला जाणार. आज दोन्ही पोरं शिकून बाहेर आहेत ती तिच्याच जिवावर.

सुरुवातीला तांब्याचा हंडा होता. नळाचे दिवस लांबत गेले तसा हंडा पुरेना, मग निळा प्लास्टिकचा ड्रम आला. प्लास्टिक मडीत कसं चालतं, हे मी विचारलं नाही. परसातल्या पडवीच्या टोकाला, भिंतीच्या सावलीत तो ठेवलेला असायचा. वर धोतराचं धुवट फडकं, कडेनं सुतळी. तांब्या घालायला एक कोपरा कायम सुटा. माझ्या सर्व्हेच्या कागदावर आमच्या घरापुढं मी दर आठवड्याला शून्य लिहायचे. ड्रम न उघडता लिहायचे. दुसऱ्या कुणी नर्सनं असं केलं असतं तर मी तिला सोडलं नसतं.

धाकट्या दिराची बायको, माझी जाऊ, आळंद तालुक्यातली. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. दीर बीदरजवळ कोळारच्या कारखान्यात कामाला, सुट्टीच्या दिवशी गावी यायचा. ती आमच्याबरोबर राहायची. लग्नाला नऊ वर्षं होऊन मूल नव्हतं. त्या नऊ वर्षांत तिनं काय काय ऐकलं ते मी ऐकलं आहे, आणि औषधं, तपासण्या, तारखा हे सगळं मी सांभाळलं आहे. तिला दिवस गेले तेव्हा पहिल्यांदा मला कळलं, नवऱ्याच्या आधी. ती पट्टी हातात घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "अक्का, ह्या दोन रेघाच हायत का माझ्या डोळ्याला दोन दिसायल्यात?"

"दोनच हायत."

"नीट बघा ना. चष्मा लावा."

मी चष्मा लावून बघितलं. दोनच होत्या. ती तिथंच खाली बसली.

त्या बाळासाठी मी जे करता येईल ते सगळं केलं. लोहाच्या गोळ्या, इंजेक्शनं, सोनोग्राफी, एक तारीख चुकू दिली नाही. सातवा लागला तेव्हा श्रावण चालू होता. आमच्याकडे सातव्यात चोळी करून पहिलटकरणीला माहेरी पाठवतात. तिचा भाऊ गाडी घेऊन आला. चांगला माणूस, शेती करतो, फार बोलत नाही. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "अक्का, चोळी उरकून घिऊन जातो तिला. आई वाट बघायलीय."

जाऊ दाराआड उभी होती. तिला जायचं होतं. हे मला तेव्हाही दिसत होतं.

मी म्हणाले, "तुमच्या गावात डॉक्टर किती लांब?"

"हाय की, अर्ध्या-पाऊण तासावर."

"रस्ता कसा हाय?"

तो हसला. "रस्ता कसा असतोय?"

"मग कामून नेता? इथं घरात नर्स हाय. काही झालं तर मी हाय. नऊ वर्षांनी पाळणा हलणार, असं कुठं सोडून द्यायचं? बाळंत झाली की न्या, चार महिने ठेवून घ्या."

तो अव्वाकडे बघायला लागला. अव्वा म्हणाली, "मोठी सून म्हनती ते बरोबर हाय. तिला कळतंय त्यातलं." चोवीस वर्षांत अव्वानं माझ्या कामाबद्दल बोललेलं ते पहिलं बरं वाक्य. मला ते आवडलं. फार आवडलं.

भाऊ गेल्यावर जाऊ म्हणाली, "अक्का, मी महिनाभर जाऊन आले असते तर?"

"कामून? इथं काय कमी हाय?"

"कमी काय न्हाई," ती म्हणाली. आणि भाजी निवडायला बसली.

त्या दिवसांत गल्लीत तापाचे पेशंट निघायला लागले होते. मी तिच्यासाठी खास बंदोबस्त केला. तिच्या खोलीच्या खिडकीला जाळी मारून घेतली. नवी मच्छरदाणी आणली, कडा नीट खोचल्या जातात का ते स्वतः बघायचे. पूर्ण बाह्यांचे दोन गाऊन शिवून आणले, पायात मोजे घालायला लावले. अंगाला लावायचं मलम दिलं. त्यावर ती म्हणाली, "अक्का, मी पोटुशी हाय का पेशंट?" मी म्हणाले, गप लाव.

दुपारी तिची खोली तापायची. पत्र्याचं छत. तिला दम लागायचा. मी म्हणाले, मागच्या पडवीत बाज टाक, तिथं वारं आहे. बाज मी स्वतः उचलून नेली. भिंतीची सावली कुठपर्यंत येते ते बघून जागा ठरवली. ड्रमपासून चार पावलांवर. दुपारी ती मोजे काढून ठेवायची, उकडायचं म्हणून. मला माहीत होतं. घोटाभर पाय उघडे राहिले तर काय होतंय, असं मी मनात म्हटलं असणार. नाहीतर मी तिला बोलले असते.

ताप सोमवारी आला. डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणाली, तेव्हाच मला कळलं. रक्त मी काढलं, रिपोर्ट यायच्या आत दिराला बोलावून घेतलं आणि तिला बीदरला दवाखान्यात दाखल केलं. डेंगूच निघाला. पहिले दोन दिवस ती बोलत होती, पाणी पीत होती. बाळाचे ठोके चांगले होते. मला डेंगूची ओळख आहे. ताप उतरला म्हणजे बरं वाटलं असं लोकांना वाटतं, पण खरं संकट ताप उतरताना येतं. त्यामुळे मी सावध होते. पेशी खाली येत होत्या. तिथले डॉक्टर नीट बघत होते, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिचे कपडे आणायला घरी आले. पुढचं दार उघडं होतं. मी मागच्या पडवीत गेले तर अव्वा ड्रमपाशी उभी होती, ओलं लुगडं नेसून. घागरीच्या तोंडावर दुसरं फडकं ठेवून तांब्यानं पाणी गाळत होती. लिंगाला गाळलेलंच पाणी लागतं, हे मला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. घागर भरली तशी तिनं फडकं चारी कोपऱ्यांनी उचललं, ड्रमवर नेलं, उलटं केलं आणि पाण्यात हलकेच खळबळून काढलं. एखाद्या लेकराचं अंग धुवावं तसं.

"अव्वा, काय करायलाव?"

ती दचकली. "शिवू नको. मडीत हाय."

"फडकं ड्रमात कामून धुवायलाव?"

"जीव असत्यात गं त्यात. बारके बारके. पान्यातला जीव पान्यात सोडावा. पूजेच्या पान्यात जीव मारून कसं चालंल?"

"कधीपासून सोडायलाव?"

"कदीपासून म्हंजे? माजी सासू बी सोडायची. असंच सोडत्यात."

मी पर्समधली बॅटरी काढली आणि ड्रमचं फडकं बाजूला केलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. अव्वा ओरडली, मी ऐकलं नाही. उजेड टाकला. मी इतक्या घरांत इतकी भांडी बघितली आहेत, पण असं पाणी बघितलं नव्हतं. बाकीच्या घरांत निदान गाळून फेकतात तरी. इथं आठवड्यातून सात वेळा त्यांना वेचून परत पाण्यात सोडलं जात होतं, सांभाळून, पुण्य म्हणून. नवं पाणी जुन्यावरच भरायचं, कारण मडीचा ड्रम रिकामा ठेवत नाहीत. पाणी तळापासून हललं. काही कोशातून निघून वर बसलेले होते, त्यांचे पायसुद्धा दिसत होते, पांढऱ्या पट्ट्यांचे.

मी ड्रमला खांदा लावला आणि आडवा केला.

पाणी पडवीभर पसरलं, बाजेच्या पायांखालून वाहून मोरीत गेलं. अव्वा भिंतीला टेकून उभी होती. तिचे पाय भिजले होते. ती मोठ्यानं बोलली नाही. म्हणाली, "पोटुशी बाई दवाखान्यात हाय. आनि तू आज मडीचं पानी सांडलीस. आज."

"त्याच पाण्यानं ती दवाखान्यात गेली, अव्वा."

"काय बी बोलू नको," अव्वा म्हणाली. मग खाली बसून हातानं पाणी मोरीकडे लोटायला लागली. मी ड्रम घासला, उन्हात पालथा घातला, कपडे घेतले आणि बस पकडली.

इथं मी एक गोष्ट लिहून ठेवते, कारण ती खरी आहे. डास नुसता चावून डेंगू होत नाही. तो आधी एखाद्या आजारी माणसाला चावलेला असावा लागतो. गल्लीत दोघं-तिघं तापानं पडलेले होते. जावेला चावलेला डास आमच्या ड्रमातला होता की शेजारच्या टायरातला, हे कोणी सिद्ध करू शकत नाही. मी हे स्वतःला बऱ्याचदा समजावून बघितलं आहे. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर पटलं असतं.

पाचव्या दिवशी सकाळी बाळाचे ठोके मिळेनात. नर्सनं यंत्र पोटावर चार ठिकाणी फिरवलं. मी नर्स आहे, मला तिचा चेहरा बघायची गरज नव्हती. संध्याकाळपर्यंत जाऊ बाळंत झाली. त्या बाळंतपणात मी तिचा हात धरला होता. तिनं तो सोडवून घेतला आणि पलंगाच्या लोखंडी दांडीला धरला. ती वाचली. पेशी दिल्या, हळूहळू आकडा वर आला.

मी घरी फोन केला. अव्वानं विचारलं, "काय हुतं?"

"मुलगी."

तिनं फोन ठेवला. नंतर कळलं की तिनं दोन दिवस अन्न घेतलं नाही.

आम्ही परत यायच्या आत गावात गोष्ट पक्की झाली होती. मोठ्या सुनेनं मडीचं पाणी लाथेनं सांडलं आणि तिसऱ्या दिवशी बाळ गेलं. मी खांद्यानं ढकललं होतं, लाथेनं नाही, पण कोणाला दुरुस्त करत बसणार? ज्या घरांत मी पाणी सांडायचे तिथल्या बाया आता दार अर्धं उघडून म्हणायच्या, "सिस्टर, आमच्यात लेक पोटुशी हाय, तुम्ही आज हात नका लावू." आशाताईला आत घ्यायच्या, मी बाहेर उभी. खालच्या गल्लीतल्या त्या तांदूळ निवडणाऱ्या म्हातारीनं तेवढा मला बसायला पाट दिला. ते मला जास्त लागलं.

नवरा म्हणाला, "तू बरोबरच केलंस. पण जरा सांगून, समजावून करायचं. आईचं वय बघायचं."

"तू समजावलं असतंस का?"

त्याला त्या दिवशी शाळेत मीटिंग होती.

त्या आठवड्याच्या सर्व्हेत मी आमच्या घरापुढं खरं लिहिलं. भांडी तपासली पाच, अळ्या सापडल्या एकात. वरून फोन आला. "सिस्टर, स्टाफच्याच घरात? कसं दिसतंय ते? शून्य करून टाका." मी केलं नाही. त्यांनी तिकडं केलं असेल.

अव्वानं तो ड्रम पुन्हा वापरला नाही. मी तो दर आठवड्याला रिकामा करते, ब्रशनं घासते, झाकण लावून भरते. ते पाणी आम्ही धुण्याला वापरतो. अव्वा पूजेसाठी शेजारच्या घरून घागर आणते. शेजारचा ड्रम मी बघून आले आहे. त्याबद्दल बोलले, तर शेजारीण म्हणाली, "अव्वानं सांगितलंय, तुम्हाला हात लावू द्यायचा न्हाई."

जाऊ दवाखान्यातून आमच्या घरी आली ती चार दिवसांसाठी. ती कुणाशी भांडली नाही. अव्वा तिच्या उशाशी बसायची, कपाळाला विभूती लावायची, आणि जाऊ लावून घ्यायची. शेवटच्या दिवशी दीर गाडी ठरवायला गेला होता. मी तिची औषधं एका डब्यात भरून, कोणती कधी घ्यायची ते चिठ्ठीवर लिहीत होते.

ती म्हणाली, "अक्का, एक विचारू?"

"विचार की."

"तो ड्रम तुम्ही त्याच्या आधी कदी उघडून बघितला हुता का?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हणाले, "न्हाई."

"एकदा बी न्हाई?"

"न्हाई."

"लोकांच्यात तर दर आठवड्याला बघायलाव."

"व्हय."

ती म्हणाली, "अव्वाला काय कळतंय? त्या अडानी हायत. त्या जीव वाचवायलेय म्हनून करायलत्या. तुम्हाला तर ठावं हुतं." आणि थोड्या वेळानं, "अण्णा न्यायला आला तवा मी जायलेच हुते."

गाव मला एका गोष्टीसाठी दोष देतं, आणि ती एकच गोष्ट मी बरोबर केली होती. ज्यासाठी दोष द्यायला हवा, तो एकट्या तिनं दिला. मी चिठ्ठी डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

मग ती माहेरी गेली आणि तिथून परस्पर बीदरला. दिरानं कोळारजवळ खोली घेतली. सणाला दीर एकटा येतो, अव्वाच्या पाया पडतो, जेवतो, जातो. जावेचा फोन येत नाही. मी केला तर ती उचलते, "बरी हाय अक्का," म्हणते, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून ठेवते.

या वर्षी आळंदकडच्या एका नर्सचा मला फोन आला. आमची ओळख ट्रेनिंगमधली, कधीमधी बोलणं होतं. ती म्हणाली, "अगं, तुमच्याकडची सून आलीय का इकडं माहेरी? नाव नोंदवून गेली. आधारवर तुमचं गाव, तुमचं आडनाव हाय. तिसरा चालू हाय."

मला माहीत नव्हतं. घरी सांगू नको असं तिनं दिरालाही बजावलं असणार. मी म्हणाले, "हो. आमचीच."

"मी विचारलं सासरी कोण कोण हाय, तर म्हणाली, नवरा. म्हटलं अजून? तर म्हणाली, बस, तेवढंच. मला वाटलं तू सांगशील काय ते. आधीची केस विचारली तर काही बोलंना. पहिलीच खेप हाय का?"

"न्हाई. लिहून घे," मी म्हणाले. "दुसरी खेप. पहिली सातव्या महिन्यात गेली, पोटात. डेंगू झाला होता. पेशी चढवल्या होत्या." रक्तगट सांगितला, कोणत्या औषधाची तिला ॲलर्जी आहे ते सांगितलं. "आणि तिला एकदा डेंगू होऊन गेलाय हे ठळक लिही. दुसऱ्यांदा झाला तर जास्त वाईट असतो. तिच्या घरातली पाण्याची भांडी तू स्वतः बघ. आशाताईवर सोडू नको. माठ, रांजण, जनावरांचा हौद, देवाचं पाणी पण. कोणी हात लावू नको म्हटलं तरी उघडून बघ. आणि दुपारी ती कुठं झोपते ते बघ. पाय झाकायला सांग. उकडतंय म्हणून मोजे काढते ती."

ती लिहीत होती, मधे मधे हं म्हणत होती. मग म्हणाली, "ही एवढी माहिती कुणी दिली म्हणून लिहू? तुझं नाव घालू?"

"नको."

"तिनं विचारलं तर?"

"जुन्या कागदावर होतं म्हण," मी सांगितलं.